खाजगीत स्लीप स्टडी करायची आहे: आधी काय विचारायचं, पैसे कशाचे द्यायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील 61 वर्षांचे, कोल्हापुरात असतात. रात्रभर घोरतात, मधेच श्वास थांबून दचकून उठतात, दुपारी पेपर वाचता वाचता मान टाकतात, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) विकणाऱ्या एकाने घरी येऊन फुकट तपासणी करून देतो म्हटलंय, हॉस्पिटलने 18 हजार सांगितलेत आणि मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केलेत. स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचा आजार, आहे का हे स्लीप स्टडीने (झोपेत करायच्या तपासणीने) बघायचंय. आता काय करायचं?

फुकटवाल्याला तूर्त थांबवा. त्याचं यंत्र खोटं असतं असं नाही, बऱ्याचदा हॉस्पिटलातही तेच यंत्र असतं. पण ती तपासणी फुकट नसते, तिची किंमत मशीनच्या बिलात असते, आणि रिपोर्ट सौम्य आला तर त्याची विक्री बुडते. लहान शहरांत डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणीसुद्धा अनेकदा डीलरचाच माणूस येऊन करतो, त्यालाही हरकत नाही. फक्त रेकॉर्डिंग कोण वाचणार आणि खाली सही कोणाची, हे आधी ठरलेलं हवं. तुम्ही पैसे देताय ते त्या वाचनाचे. रेकॉर्डिंग करणारी डबी बोटाला आणि छातीला बांधणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

सुरुवात छातीच्या डॉक्टरांपासून करा. स्लीप मेडिसिनचं प्रशिक्षण घेतलेले ईएनटी किंवा न्यूरोलॉजिस्टही चालतील. जाण्याआधी घरीच स्टॉप-बँग प्रश्नावली भरा. आठ प्रश्न असतात: घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का, बीपी, बीएमआय 35 च्या वर, वय 50 च्या वर, गळ्याचा घेर 40 सेंटीमीटरच्या वर, आणि पुरुष. तुम्ही लिहिलंय त्यावरूनच वडिलांचे सहा गुण होतात, वजन आणि गळा मोजायच्या आधीच. पाच किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. सोबत एपवर्थची झोपाळूपणाची प्रश्नावली भरा (24 पैकी 10 च्या वर गेलं तर दखल घ्यायची) आणि रात्री मोबाईलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती-पोट दिसेल असा. घोरणं थांबतं, छाती ओढत राहते आणि मग धाडकन श्वास येतो, हे डॉक्टरांना एकदा दिसलं की अर्धी चर्चा वाचते.

आता घरी करायची की लॅबमध्ये. घरगुती तपासणी म्हणजे बहुधा लेव्हल 3: नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा प्रोब. यात मेंदूच्या तारा नसतात, म्हणून माणूस झोपलाय की छताकडे बघतोय हे यंत्राला कळत नाही. याचा परिणाम थेट आकड्यावर होतो. समजा रात्रभरात श्वास 100 वेळा अडला. डबी आठ तास चालू होती, म्हणून रिपोर्टात येणार तासाला 12.5, म्हणजे सौम्य. प्रत्यक्षात झोप पाचच तास लागली असेल तर खरा आकडा 20, म्हणजे मध्यम. (तासाला 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र.) घरगुती तपासणी आजार कमी दाखवते ती अशी. त्यामुळे रिपोर्ट तीव्र आला तर सहसा त्यावर विश्वास ठेवता येतो, पण एवढी लक्षणं असताना नॉर्मल आला तर सुटलो असं समजायचं नाही, लॅबमध्ये जायचं.

वडिलांना हार्ट फेल्युअर, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), पूर्वी पक्षाघात, स्नायूंचा आजार किंवा अफूवर्गीय वेदनाशामकं यांतलं काही असेल तर घरगुती तपासणीत पैसे घालूच नका. वजन फार जास्त असून रक्तातलं बायकार्बोनेट 27 किंवा वर असेल तरीही लॅबच. तिथे कार्बन डायऑक्साइड साठण्याची शंका असते आणि साधा सीपॅप पुरतोच असं नाही. यांतलं काही नसेल तर घरगुतीपासून सुरुवात करणं माझ्या मते योग्य आहे आणि खिशालाही परवडतं.

दर साधारण असे असतात: घरगुती 3 ते 8 हजार, लॅबमधली संपूर्ण रात्र 10 ते 25 हजार. मुंबई-पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत वरचा आकडा. म्हणजे तुम्हाला सांगितलेले 18 हजार अवाच्या सव्वा नाहीत, पण त्यात काय काय आहे ते विचारा. रूमचं भाडं धरलंय का? हॉस्पिटलांत तपासणीचे दर रूमच्या वर्गाप्रमाणे बदलतात, तीच स्टडी सिंगल रूममध्ये महाग पडते. रात्रभर टेक्निशियन समोर बसणार की तारा लावून घरी जाणार? दर लेव्हल 1 चा (रात्रभर देखरेखीतल्या संपूर्ण तपासणीचा) लावून तपासणी विनादेखरेखीची होत असेल तर ते चालवून घेऊ नका. स्प्लिट-नाइट करतात का? पहिल्या दोन तासांत आकडा तासाला 40 किंवा वर गेला तर उरलेल्या रात्री तिथेच मास्क लावून प्रेशर ठरवता येतं आणि दुसऱ्या रात्रीचं बिल वाचतं, मात्र त्यासाठी तीन तासांहून जास्त वेळ हातात उरावा लागतो. तपासणी फसली तर पुन्हा फुकट करणार का, हेही विचारा. उत्तरं व्हॉट्सॅपवर लेखी घ्या, काउंटरवर माणसं बदलतात. मिरज, सांगली, पुणे इथले दरही काढा. आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या श्वसनविकार विभागात एक चक्कर मारा. सोय असेल तर खर्च बराच कमी, रांग मात्र मोठी.

रिपोर्टाबद्दल एकच प्रश्न असा आहे की त्यावरून समोरच्याचं पाणी जोखता येतं: "स्कोअरिंग माणूस करतो की सॉफ्टवेअर?" स्कोअरिंग म्हणजे रेकॉर्डिंग बघून श्वास कुठे कुठे अडला ते मोजणं. नुसता ऑटो-स्कोअर प्रिंट करून देणारे बरेच आहेत. नळी सरकली की यंत्र त्यालाही श्वास थांबला म्हणतं, उलट बारीक अडथळे गाळून टाकतं. हायपोप्नियासाठी (श्वास पूर्ण न थांबता उथळ होण्यासाठी) ऑक्सिजन 3 टक्के घसरला की धरलाय की 4 टक्के, तेही लिहिलेलं हवं. एकाच रात्रीचे आकडे या फरकाने वेगळे येतात, मग दुसरे डॉक्टर वेगळं बोलले की घरचे गोंधळतात. पाठीवर आणि कुशीवर असे वेगळे आकडे, सर्वांत कमी ऑक्सिजन, 90 टक्क्यांखाली गेलेला एकूण वेळ, आणि किती तासांचं रेकॉर्डिंग वापरण्यायोग्य होतं, हे चारही बघा. चार तासांपेक्षा कमी चांगलं रेकॉर्डिंग असेल तर ती रात्र वाया गेली असं धरा आणि पुन्हा करून मागा.

रात्र वाया जाते ती क्षुल्लक कारणांनी. नाकातली नळी गालावर चिकटपट्टीने नीट बसवली नाही की पहाटेपर्यंत हनुवटीखाली. मिशी-दाढी असेल तर पट्टी सुटतेच, त्या जागेपुरती दाढी करून घ्या. नखांना नेलपॉलिश किंवा गडद मेंदी, किंवा बोटं गार, की ऑक्सिजनचा आलेख तुटक येतो. डबीचं चार्जिंग झोपण्याआधी स्वतः बघा. त्या दिवशी दुपारची झोप नको, दुपारनंतर चहा-कॉफी नको. रोजच्या गोळ्या ठरल्या वेळी घ्यायच्या, झोपेची गोळी किंवा दारू नेहमी असेल तर लपवायची नाही, फॉर्मवर लिहायची. लॅबला जाताना डोकं धुतलेलं हवं, तेल अजिबात नको, नाहीतर टाळूवरच्या तारा पेस्टने चिकटत नाहीत. पुढून बटणांचा सैल शर्ट आणि स्वतःची उशी न्या. तारा लावायला पाऊण तास लागतो. वडिलांना आधीच सांगून ठेवा की बाथरूमला जायचं झालं तर टेक्निशियन डबी सोडवून देतो. या संकोचापायी ज्येष्ठ लोक रात्रभर जागे राहतात.

मेडिक्लेमचं: त्यांनी नाही म्हटलं ते नियमातच आहे. निव्वळ तपासणीसाठीचं अॅडमिशन पॉलिसीत वगळलेलं असतं, एक्सक्लुजन कोड 04 बघा. "24 तास अॅडमिट दाखवू" असं कोणी सुचवलं तर त्या फंदात पडू नका. क्लेम नाकारला जातो आणि फाइलवर शेरा राहतो तो वेगळाच. सीपॅप मशीनही बहुतेक पॉलिसींत बाहेर. ओपीडी कव्हर असेल तर मात्र मिळू शकतं, त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी तपासणीच्या आधी लिहिलेली आणि बिल ओपीडीचं हवं. वडील केंद्र सरकारचे पेन्शनर किंवा माजी सैनिक असतील तर सीजीएचएस किंवा ईसीएचएसमध्ये विचारा, पण खरेदीच्या आधी. मंजुरी न घेता आणलेल्या मशीनचे पैसे मिळवताना फार फेऱ्या होतात. नवीन पॉलिसी घ्यायची झाली तर झालेलं आजाराचं निदान लपवू नका. आधीच्या आजारावर क्लेम मिळण्यासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त 36 महिने आहे, लपवलेलं उघड झालं तर सगळी पॉलिसीच अडचणीत येते.

मशीनची वेळ आलीच तर लगेच विकत घेऊ नका, महिनाभर भाड्याने घ्या. ऑटो सीपॅप (दाब आपोआप कमी-जास्त करणारं) साधारण 35 ते 70 हजारांत, मास्क 3 ते 10 हजारांत. लोक मशीनवर घासाघीस करतात आणि मास्क मिळेल तो घेतात, खरं तर उलट करायला हवं. लोक वैतागून मशीन कपाटात ठेवतात ते बहुतेक मास्कपायी. किमान दोन-तीन प्रकार झोपून, प्रेशर चालू ठेवून लावून बघू द्या. महिन्याअखेरीस मशीनच्या मेमरी कार्डवरची माहिती डॉक्टरांना दाखवा: रोज किमान चार तास वापर झाला का, गळती किती, आणि मशीन लावूनही तासाला श्वास अडण्याचा उरलेला आकडा 5 च्या खाली आला का. पक्क्या बिलावर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या. सेकंडहँड घेत असाल तर फिलिप्सची 26 एप्रिल 2021 पूर्वी बनलेली मशिनं जरा बघून. आतल्या फोमचा भुगा होतो म्हणून कंपनीने त्या वर्षी जूनमध्ये अनेक मॉडेल परत बोलावली होती. सीरियल नंबर तपासल्याशिवाय असं मशीन स्वस्तातही घेऊ नका.