चार मिनिटं गेली कुठे? डिस्कबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: एकाच सिनेमाच्या दोन डीव्हीडी आहेत माझ्याकडे. अमेरिकन डीव्हीडी १०० मिनिटांची आणि ब्रिटिश ९६ मिनिटांची. ब्रिटनमध्ये ४ मिनिटं कापली ना?

उत्तर: बहुतेक एक फ्रेमसुद्धा कापलेली नाहीये. सिनेमा शूट होतो सेकंदाला २४ फ्रेम्सनी आणि युरोपातली पाल ही टीव्हीची सिस्टीम चालते २५ वर, मग डीव्हीडी बनवताना अख्खा सिनेमाच जरासा पळवतात, त्यामुळे १०० मिनिटांचा सिनेमा बरोब्बर ९६ मिनिटांत संपतो. आवाजही बऱ्याचदा किंचित चढा लागतो, टायटल म्युझिक दोन्हीकडे लावून बघा, कान असेल तर लगेच कळतं. अमेरिकन वेळेला २४ ने गुणा, २५ ने भागा, आकडा जुळला तर निश्चिंत राहा. ब्लू-रे मात्र बहुतेक २४ वरच असते, तिथे दोन देशांत मिनिटांचा फरक दिसला तर नक्की खोलात जा.

प्रश्न: मग सेन्सॉरने खरंच कापलंय हे ओळखायचं कसं?

उत्तर: इथेच गंमत आहे, खरे कट बऱ्याचदा इतके छोटे असतात की कव्हरवरच्या मिनिटांत दिसतच नाहीत. ब्रिटनमध्ये १९३७ चा प्राण्यांबद्दलचा कायदा आहे, शूटिंगसाठी प्राण्याला क्रूरपणे वागवलं असेल तर ते दृश्य दाखवता येत नाही, म्हणून पायात तार अडकवून घोडे पाडलेले जुने शॉट्स तिथे काही सेकंदांपुरते उडवलेले असतात. (मला हा कायदा मनापासून पटतो, पण कापलंय हे कव्हरवर छापायलाच हवं.) ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'मधली नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं हत्यार) तिथे कित्येक वर्षं कापलेली होती, पुढे धोरण बदललं तेव्हा कुठे परत आली.

आणि काही वेळा तर एक सेकंदही कमी होत नाही! 'आईज वाइड शट' १९९९ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा आर रेटिंग (१७ खालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश) मिळावं म्हणून पार्टीच्या सीनमध्ये कॉम्प्युटरने माणसं उभी करून मागची सेक्सची दृश्यं झाकली होती, युरोपात तोच सीन मोकळा होता. 'किल बिल'च्या पहिल्या भागातल्या शेवटच्या मोठ्या मारामारीचा बराच भाग अमेरिकन आवृत्तीत ब्लॅक अँड व्हाइट आहे आणि जपानी आवृत्तीत रंगीत. पण म्हणून जपान सगळ्यात मोकळं असं समजू नका, अश्लीलतेच्या कायद्यामुळे गुप्तांगं तिथे बऱ्याचदा मोझॅकने, म्हणजे अस्पष्ट चौकोनांनी, झाकतात. म्हणजे सरसकट 'अमुक देशाची डिस्क चांगली' असं काही नसतं, प्रत्येक सिनेमाचं वेगळं बघावं लागतं.

प्रश्न: एका देशात डायरेक्टरची कॉमेंटरी आहे, दुसऱ्या देशात नाही. हे पण सेन्सॉरमुळे का?

उत्तर: सहसा नाही, हा हक्कांचा मामला. सिनेमाचे हक्क बऱ्याचदा दर देशात वेगळ्या कंपनीकडे असतात आणि कॉमेंटरी (सिनेमा चालू असताना ऐकू येणारं डायरेक्टरचं बोलणं) सहसा ज्या कंपनीने पैसे घालून रेकॉर्ड केली तिच्याच मालकीची असते, दुसऱ्याला हवी तर वेगळं लायसन्स घ्यावं लागतं, आणि मग खर्च वाचवायचा म्हणून पहिलं तेच गळतं. मेकिंगमध्ये दुसऱ्या सिनेमांच्या क्लिप्स किंवा गाणी असतील तर त्यांचेही हक्क आले. त्यात ब्रिटनमध्ये डिस्कवरचं बरंचसं साहित्य सर्टिफिकेटसाठी द्यावं लागतं आणि फी मिनिटांवर, त्यामुळे छोट्या कंपन्या हात आखडता घेतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कापलेला सिनेमा पुढेमागे अनकट येऊ शकतो पण एकदा गळलेली कॉमेंटरी पुन्हा कुणी शोधून छापेलच असं नाही.

प्रश्न: बाहेरची डिस्क माझ्या प्लेअरवर चालेल?

उत्तर: फोर-के यूएचडी (ब्लू-रेच्या पुढची, जास्त स्पष्ट चित्राची) डिस्क असेल आणि प्लेअरही तसा असेल तर बिनधास्त घ्या, तिला रिजनच (ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याचं बंधन) नसतो, पण त्याच बॉक्समधल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो. ब्लू-रेचे ए, बी, सी असे तीन रिजन आणि डीव्हीडीचे १ ते ६, ते मागच्या कव्हरवर बघून घ्या. सबटायटल्सही तिथेच तपासा, जपानी डिस्कवर बऱ्याचदा फक्त जपानीच असतात.