ब्रेसेसची तार जागेवर कशी राहते? ती रंगीत रबरं कशासाठी असतात?

तार दाताला थेट चिकटवलेली नसते. दाताला चिकटवतात तो ब्रॅकेट, म्हणजे एक छोटा चौकोनी तुकडा. त्याच्या मधोमध आडवी खाच असते, बहुतेक वेळा ०.०२२ इंचांची, आणि तार त्या खाचेत बसते. ती बाहेर निसटू नये म्हणून वरून लिगेचर लावतात. तुम्ही म्हणता ती रंगीत रबरं म्हणजे हेच. ब्रॅकेटला चार कोपऱ्यांवर छोटे पंख असतात. डॉक्टर रबर ताणून एकेका पंखाखाली अडकवतात, मग तार खाचेत दाबून धरली जाते. दात फारच वाकडा असेल तर रबराऐवजी बारीक स्टीलची तार पीळ देऊन बांधतात आणि तिचं टोक आत दुमडतात. ही पकड जास्त पक्की.

मुख्य तारेची टोकं मागच्या दाढांवरच्या नळ्यांत जातात, अनेकदा पलीकडे वाकवलेलीही असतात. गालाला टोचतं ते बहुधा हेच टोक. तिथे ऑर्थोडॉन्टिक मेण (ब्रेसेससाठीचं मऊ मेण) लावा आणि डॉक्टरांना फोन करा; घरी पक्कडीने कापायला जाऊ नका, तुकडा घशात जाऊ शकतो.

रबर सैल पडतं, म्हणून साधारण ४ ते ६ आठवड्यांनी बदलतात. पारदर्शक रबर हळदीने पिवळं पडतं. आपल्या जेवणात हळद असतेच, म्हणून रबर गडद रंगाचंच घ्यावं, असं माझं मत.