वाचकांचे प्रश्न: नवऱ्याची सही लागते का?

प्रश्न: ताई, मला एक मुलगी आहे, इतक्यात दुसरं नकोय. सरकारी दवाखान्यात काय मिळतं? नवऱ्याची सही लागते का? सासूबाई म्हणतात ही नवी फॅडं आहेत.

उत्तर: नवी कसली, शंभर वर्षं झाली की! महर्षी कर्वेंचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लंडनमध्ये मेरी स्टोप्स या ब्रिटिश बाईंचं असंच क्लिनिक उघडलं त्याच वर्षी. कर्वे गणिताचे प्रोफेसर, पण या कामापायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली, लोकांनी नावं ठेवली, कोर्टकचेऱ्या झाल्या, १९३४ मध्ये त्यांची केस डॉ. आंबेडकरांनी लढवली, तरी ते आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई मागे हटले नाहीत. मालतीबाईंचं नाव फारसं कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पुढे १९४९ मध्ये मुंबईतच फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन सुरू झाली आणि १९५२ मध्ये सरकारनेच कार्यक्रम हाती घेतला.

आता तुमचं. सरकारी दवाखान्यात कंडोम, गोळ्या, कॉपर टी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, सगळं फुकट असतं. बीपी, शुगर किंवा मायग्रेन असेल, मुलगी अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यावरच काय सूट होईल ते ठरतं. आणि सहीचं म्हणाल तर कॉपर टीला नवऱ्याची सही लागत नाही, अगदी गर्भपातालासुद्धा कायद्याने सज्ञान बाईची स्वतःचीच संमती पुरते. कुणी अडवलंच तर मेडिकल ऑफिसरना भेटा.