मावा की ढेकण्याचं पिल्लू?

प्रश्न: झाडाच्या शेंड्यावर बारीक हिरवे बिनपंखी किडे पळतायत, मावा म्हणावा तर फारच चपळ, आणि मोबाईलवर फोटो काढला की नुसता हिरवा ठिपका येतो, काय करू?

उत्तर: मावा असा पळत नाही हो, ही बहुतेक ढेकण्याची, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या ढेकणासारख्या किड्याची, पिल्लं. माव्याच्या पाठीवर मागच्या टोकाला बहुधा दोन बारीक नळ्या असतात, ह्यांना नसतात. पिल्लू साधारण 5 वेळा कात टाकतं आणि शेवटच्या दोन अवस्थांत खांद्यामागे पंखांचे कोंब नीट दिसतात. एक फोटो वरून, एक बाजूने घ्या म्हणजे पोटाखाली दुमडलेली सोंडही येते. क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावा, सकाळच्या गारव्यात काढा, तेव्हा जरा सुस्त असतात, नाहीतर पान हललं की स्वारी पानामागे! नेमकी जात मात्र प्रौढ झाल्यावरच कळेल, तोवर बरणीत ताज्या पानावर एखादं वाढवून बघा.