जुनं घर हळूहळू दुरुस्त करताना: आधी छप्पर, स्वयंपाकघर नंतर

प्रश्न : मुलांच्या शाळेजवळ एक जुनं घर विकायला आहे. कित्येक वर्षं त्याकडे कुणी लक्ष दिलेलं नाही. तयार, नीटनेटकं घर आमच्या आवाक्यात नाही, पण हे परवडतंय. घेऊन जमेल तसं दुरुस्त करावं असं वाटतं. कामं चालू असताना आम्हाला तिथेच राहावं लागेल, धाकटी चार वर्षांची आहे. स्वयंपाकघर आणि बाथरूमपासून सुरुवात करावी का?

उत्तर : घर जरूर घ्या, पण स्वयंपाकघर सध्या आहे तसंच राहू द्या. दुर्लक्षित घर बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यानं. छपरातून, तुंबलेल्या पन्हळीतून, पायाशी साचून नाहीतर जुन्या नळातून पाणी आत शिरतं, मग लाकूड कुजतं, गिलावा फुगतो. त्या ओलीवर नवी कपाटं बसवली तर थोड्याच वर्षांत ती काढून मागची भिंत उकरावी लागते. एकाच कामाला दोनदा पैसे मोजावे लागतात आणि हातात पैसा बेताचा असताना हेच परवडत नाही. म्हणून आधी पाणी अडवा, मग घर राहायला सुरक्षित करा, मग ऊब टिकेल असं बघा. डोळ्यांत भरणारी कामं त्यानंतर.

हे सांगायला सोपं आहे, करायला जड जातं, याची मला कल्पना आहे. छपरावर एवढा खर्च केला तरी घरी आलेल्या कुणालाही तो दिसत नाही. ओळखीचे लोक घर बघायला येतात आणि त्यांना जुन्या फरशा नि पिवळी पडलेली कपाटं दिसतात. त्या नजरांचं दडपण घेऊ नका. पहिल्या दोन वर्षांत घर कोरडं झालं, तर तुम्ही खूप काही मिळवलंत.

व्यवहार पक्का करण्याआधी घराची पाहणी स्वतः निवडलेल्या माणसाकडून करून घ्या, विकणाऱ्याच्या एजंटनं सुचवलेल्या नव्हे. सांडपाण्याची नळी कॅमेरा घालून बघायला सांगा. जुन्या मातीच्या नळ्यांत झाडांची मुळं शिरतात आणि तो खर्च नेमका घर ताब्यात आल्यावर उघडा पडतो. शक्य असेल तर एकदा पावसात घर बघा. पन्हळी कुठे ओसंडतात, पाणी घराकडे येतं की घरापासून दूर जातं, हे तेव्हाच कळतं. भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, पहिल्या तीन मीटरांत साधारण १५ सेंटीमीटर. तो नसेल तर फावडं आणि माती एवढ्यावर भागतं, आणि कोरडं तळघर मिळवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

तळघराची भिंत ओलसर वाटली तर घाईनं वॉटरप्रूफ रंग लावू नका. आधी ओल कुठून येते ते शोधा. हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. कागदाच्या मागे, भिंतीच्या बाजूला पाणी जमलं असेल तर ते भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला थेंब असतील तर ती खोलीतल्याच हवेतली वाफ आहे, तिला पंखा आणि खेळती हवा लागते. दोन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चात फार मोठा फरक. घर चुन्यात बांधलेलं असेल तर आणखी एक काळजी घ्या. अशी भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्या सांध्यांत सिमेंट भरलं किंवा वर प्लास्टिकसारखा घट्ट रंग चढवला की ओल आत कोंडते. तिथे दुरुस्तीही चुन्यानंच व्हायला हवी.

धाकटी चार वर्षांची आहे, म्हणून या पुढच्या मुद्द्यावर मी आग्रही आहे. घर कोणत्या साली बांधलं ते आधी शोधा. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या घरात तो असू शकतो. जुना रंग कोरडा घासला की शिशाची धूळ उडते, जमिनीवर बसते, लहान मुलांच्या हातांवरून तोंडात जाते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाचीही धूळ घातक, ती श्वासावाटे फुफ्फुसांत जाते. ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, ऑस्ट्रेलियात २००३च्या शेवटी. जुन्या फरशा, नळांभोवतीचं वेष्टण, खडबडीत फवारलेली छतं यांत ते सापडतं. न फोडता, न खरवडता ठेवलं तर बहुधा त्रास देत नाही, तोडफोड सुरू झाली की धोका. तेव्हा हातोडा उचलण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. ती फी वाचवू नका. शिसं किंवा ॲस्बेस्टॉस निघालं तर ते काम परवानाधारक माणसाकडे द्या आणि तेवढे दिवस मुलांना घेऊन दुसरीकडे राहा.

वायरिंगही घराच्या वयावरून ओळखता येतं. उत्तर अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ दरम्यानच्या बऱ्याच घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आहेत, त्यांचे जोड सैल होऊन तापतात. अशा घराचा विमा मिळेल का, कितीला मिळेल, हे सही करण्याआधीच विचारा.

पैशांबद्दल. सगळी शिल्लक घर विकत घेण्यातच घालू नका. ठरवलेल्या दुरुस्ती खर्चावर निदान वीस टक्के बाजूला हवेत, कारण जुनी भिंत उघडली की आत काहीतरी निघतंच. बऱ्याच बँका राहण्याजोगं नसलेल्या घरावर नेहमीचं कर्ज देत नाहीत, तेव्हा हे आधी विचारून ठेवा. अमेरिकेत असाल तर एफएचए २०३(के) या सरकारी हमी असलेल्या कर्जात खरेदी आणि दुरुस्ती दोन्ही एकत्र बसतात, मात्र कागदपत्रं आणि तपासण्या वाढतात.

राहायला गेल्यावर एक बाथरूम कायम चालू ठेवा आणि एक खोली धूळमुक्त ठेवा, जिथे मुलं झोपतील आणि जिथे एकही अवजार येणार नाही. घर हे लांबणारं काम आहे, आणि दमलेल्या माणसांकडून चुकीचे निर्णय होतात. भिंत एकदाच उघडा: तारा, नळ आणि इन्सुलेशन (ऊब टिकवणारं भिंतीतलं अस्तर) एकाच वेळी उरका. बंद करण्याआधी शेजारी मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, पुढे खिळा कुठे मारायचा याचा प्रश्न पडत नाही. आईवडील काही महिन्यांसाठी राहायला येणार असतील तर तळमजल्यावर स्वच्छतागृहाची नळजोडणी याच टप्प्यात करून घ्या. खोली नंतर होईल, पण नळ आत्ता स्वस्तात पडतात. स्वयंपाकघराची वेळ त्यानंतर. तोवर वर्षभर राहून उजेड कुठून येतो, कुठल्या कोपऱ्यात तुम्ही सगळे आपोआप जमता, हे कळलेलं असतं आणि आराखडा बराच बदलतो.

रंग, भिंतीवरचा जुना कागद काढणं, बागेची साफसफाई स्वतः करा, शिशाची तपासणी झाली असेल तर. वीज, गॅस आणि छप्पर यांना हात लावू नका. ऑस्ट्रेलियात स्वतः वायरिंग करणं बेकायदेशीर आहे आणि ब्रिटनमध्ये गॅसचं काम ‘गॅस सेफ’ या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्यानंच करायचं असतं. भार पेलणारी भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला आणि स्थानिक परवानगी, दोन्ही हवं. परवानगीशिवाय केलेलं काम घर विकताना गळ्याशी येतं.

कंत्राटदाराला कामाची यादी लिहून द्या आणि तिघांकडून तीच यादी देऊन अंदाजपत्रक घ्या, नाहीतर तुलना करायला काही उरत नाही. सगळ्यात स्वस्त अंदाजात काय वगळलंय ते विचारा. पैसे टप्प्यानुसार द्या, काम झालं की त्या टप्प्याचे. शेवटचा हप्ता सगळ्या बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावर आणि तपासणी अधिकाऱ्याची सही मिळाल्यावरच द्या.