मोठा हॉल, मोठा डबा? स्पीकर आणि सबवूफरबद्दल वाचकांचे प्रश्न

सांगली-साताऱ्याकडे आता बंगल्यांचे हॉल मोठे होत चालले आहेत आणि माझ्याकडे येणारे प्रश्नही त्याच वळणाचे आहेत. ‘हॉल मोठा आहे, किती इंची सबवूफर घेऊ?’ एवढंच लिहून लोक मोकळे होतात. (सबवूफर म्हणजे फक्त खालचे स्वर, म्हणजे बास, वाजवणारा वेगळा स्पीकर.) लांबी-रुंदी काहीजण तरी कळवतात, छताची उंची जवळजवळ कोणीच नाही. सोफा कुठे आहे, फरशी कसली, जिना हॉलमध्येच उघडतो का, याचा तर पत्ताच नसतो. या माहितीशिवाय मी मॉडेलचं नाव सांगणार नाही. सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

हॉल 24 बाय 16 फूट, उंची साडेदहा. सोफा स्पीकरपासून 14 फुटांवर. आधीच्या फ्लॅटमधले 5 इंची बुकशेल्फ (कपाटात मावणारे छोटे) स्पीकर इथे पुरत नाहीत. टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) घेऊ की सबवूफर? (विश्रामबाग, सांगली)

उंची कळवलीत, आभारी आहे. तुमच्या हॉलचं आकारमान चार हजार घनफुटांच्या वर जातं. डायनिंग आणि जिना हॉलला उघडे असतील तर तेही त्यात धरा, कारण बास दाराशी थांबत नाही.

फ्लॅटमध्ये तुम्ही सात फुटांवर बसत असाल. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज 6 डेसिबलने उतरतो, बंद खोलीत थोडा कमी. ते 6 डेसिबल भरून काढायचे तर चौपट वॅट लागतात. खालच्या स्वरांचं दुखणं आणखी मोठं आहे. 80 हर्ट्झला (सेकंदाला 80 कंपनं; आकडा लहान तितका स्वर खालचा) स्पीकरचा पडदा जितका हलतो, त्याच्या चौपट तो 40 हर्ट्झला हलला तर तेवढाच आवाज येतो. पाच इंची पडद्याला ते झेपत नाही. आवाज वाढवला की जो चिरका, थकलेला सूर लागतो, तो यामुळेच.

म्हणून आधी सबवूफर. रिसीव्हरच्या (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) मेनूत स्पीकर ‘स्मॉल’ ठेवा, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती हद्द, 80 हर्ट्झवर लावा. मोठेपणासाठी ‘लार्ज’ निवडू नका. खालचं ओझं उतरलं की तेच बुकशेल्फ मोकळे वाजू लागतील. तरीही कमी पडले तर टॉवर बघा, आणि तेव्हा वॅटच्या आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटला स्पीकर किती आवाज देतो, ते वाचा. 84 डेसिबलचा स्पीकर आणि 90 डेसिबलचा स्पीकर यांत पुन्हा तोच चौपट वॅटचा फरक आहे. स्पीकर 4 ओहम रोधाचे असतील तर रिसीव्हरला ते चालतात का, हे पुस्तिकेत पाहून तंत्रज्ञाला विचारा, मगच पैसे द्या.

दुकानदार 5000 वॅट पीएमपीओ म्हणतो. आमच्या हॉलला पुरेल का? (वाई)

पीएमपीओ या जाहिरातीतल्या कमाल वॅटच्या आकड्याला काहीही अर्थ नाही. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, किती आणि किती ओहमला, ते विचारा. सांगता येत नसेल तर दुकान बदला.

हॉल 20 बाय 20, उंची 10. कोपऱ्यात 12 इंची सबवूफर आहे, सोफा हॉलच्या बरोबर मधोमध. बास एकाच सुरात घुमतो, बाकी काही ऐकू येत नाही. दुकानदार म्हणतो, सब लहान पडतो, 15 इंची घ्या. (गोडोली, सातारा)

घेऊ नका. तुमचा सब लहान नाही. हॉल चौरस आहे आणि उंची लांबीच्या बरोबर निम्मी आहे. या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो.

आवाज हवेत सेकंदाला साधारण 1130 फूट जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येची लाट अडकून उभी राहते. ती कंपनसंख्या काढायला कॅल्क्युलेटर पुरतो: 1130 च्या निम्मे, म्हणजे 565, ला भिंतींमधल्या फुटांनी भागा. 20 फुटांना 28 हर्ट्झ आला. तुमची लांबी 28, रुंदीही 28. आता उंची: 565 भागिले 10, म्हणजे 56. शिवाय लांबीची दुसरी लाट 28 च्या दुप्पट, म्हणजे 56, रुंदीचीही 56. तिन्ही दिशांनी एकच स्वर फुगतो. हॉल 22 बाय 15 बाय 10 असता तर हे स्वर विखुरले असते आणि कान इतका विटला नसता.

आता सोफा. मधोमध बसलं की 28 हर्ट्झची लाट तिथे जवळपास शून्य होते आणि लांबी-रुंदीच्या 56 च्या लाटा तिथेच भरात असतात. सब कोपऱ्यात, म्हणजे प्रत्येक लाटेला जोर देणाऱ्या जागी. घुमण्याचं कारण एवढंच आहे. 15 इंची आणलात तर हेच 56 हर्ट्झ आणखी मोठ्याने घुमेल.

काय करायचं, तर पहिल्यांदा फुकटातलं. सोफा मागच्या भिंतीपासून साडेसहा-सात फुटांवर न्या. मग सब उचलून तात्पुरता सोफ्याच्या जागी ठेवा, ठाम तालाचं आणि खालच्या स्वरांचं ओळखीचं गाणं लावा आणि स्वतः भिंतींच्या कडेने खाली वाकून फिरा. जिथे प्रत्येक स्वर सारखा आणि सुटा ऐकू येईल, तिथे सबची जागा. घरचे हसतील, हसू द्या. त्यानंतर सबच्या मागचं फेजचं (सबची लाट सरळ किंवा उलट करणारं) बटन दोन्ही बाजूंना करून बघा आणि सोफ्यावर बसून 80 हर्ट्झच्या आसपास बास जिथे भरीव लागेल तिथे ठेवा.

एवढ्याने भागलं नाही तर मोजमाप. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, पण त्याला कॅलिब्रेट केलेला मापनाचा माइक लागतो. मोबाइलचा माइक इतक्या खालच्या स्वरांना भरवशाचा नाही. मोजल्यावर जे उंचवटे दिसतील ते इक्वलायझरने (ठरावीक स्वर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) कापता येतात. खड्डे मात्र भरता येत नाहीत. जिथे लाट शून्य होते तिथे आवाज वाढवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. अँप्लिफायर तापतो आणि ऐकू काही येत नाही. दुसरा सब घ्यायचाच असेल तर आहे त्याच आकाराचा घ्या. दोन सब वेगवेगळ्या भिंतींना ठेवले की जास्त जागांवर सारखा बास मिळतो, पण ते शेजारी शेजारी ठेवले तर हा फायदा जवळजवळ हातचा जातो. जागा मोजून ठरवा.

भिंतीवर इंचभर फोम चिकटवून हे जाईल असं सांगणाऱ्यापासूनही सांभाळा. 56 हर्ट्झच्या लाटेची लांबी 20 फूट आहे, तिला इंचभर फोम जाणवतही नाही. त्याने टाळीचा खणखणाट कमी होतो, एवढंच. खालच्या स्वरांना कोपऱ्यात जाड, खोल रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) लागतं. किती आणि कुठे, हे मोजणाऱ्यानेच सांगावं. शोरूममध्ये ‘अहो, इथे तर दणदणीत वाजतो’ म्हणतात, तेव्हा तिथे मखमली खुर्च्या असतात, बास मुद्दाम चढवलेला असतो आणि जो डबा विकायचा तो थोडा मोठ्याने लावलेला असतो. दोन स्पीकरपैकी किंचित मोठ्याने वाजणारा कानाला नेहमीच सरस वाटतो. दोन्ही सारख्या आवाजावर ऐकवायला लावा.

आणि नवीन घर बांधणाऱ्यांना कळकळीची विनंती: पीओपी होण्याआधी, शक्य असेल तर नकाशा पक्का होण्याआधी, ध्वनीचं कळणाऱ्या माणसाशी एकदा बोला. तेव्हा भिंत दोन फूट सरकवायला पेन्सिल लागते, नंतर ब्रेकर.

हॉल साउंडप्रूफ करायला भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले तर? (कराड)

आवाज अडत नाही, आणि कागदी लगद्याचे ट्रे भराभर पेटतात. लावले असतील तर आजच काढा.

मी फक्त शास्त्रीय संगीत ऐकतो. 18 बाय 14 ची खोली आहे. सबवूफर लागतोच का? (मिरज)

लागतोच असं नाही. तंबोरे घडवणाऱ्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गावातून हा प्रश्न आला, म्हणून आनंदाने लिहितो. गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो साधारण 138 हर्ट्झ आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, 69. डग्ग्याचा गाभाही शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली. म्हणजे 40 हर्ट्झपर्यंत प्रामाणिकपणे उतरणारे चांगले टॉवर असले की तुमचं काम भागलं. 20 हर्ट्झची चिंता चित्रपटांतले स्फोट ऐकणाऱ्यांनी करावी.

बुकशेल्फच ठेवायचे असतील तर छोटा, बंद पेटीचा सब जोडा आणि इतका हळू ठेवा की तो बंद केल्यावरच त्याची उणीव कळावी. पोर्टवाला (पेटीला हवेसाठी भोक असलेला) सब त्याच आकारात जास्त आवाज देतो, पण पोर्टच्या सुराखाली तो झपाट्याने, सप्तकाला 24 डेसिबलने कोसळतो. बंद पेटी 12 ने, सावकाश उतरते. डग्ग्याची मींड मला बंद पेटीवर जास्त नितळ लागते. मायक्रोफोन येण्याआधीच्या जुन्या तबकड्या लावाल तेव्हा सब बंदच ठेवा. त्या ध्वनिमुद्रणात इतका खालचा स्वर नाही, वाढेल ती फक्त तबकडीची घरघर.

स्पीकर निवडताना तुमच्या चांगल्या ओळखीचं ध्वनिमुद्रण घेऊन जा आणि नुसता तंबोरा पाच मिनिटं ऐका. जवारी, म्हणजे तारांचा झंकार, पसरट किंवा पत्र्यासारखी लागली तर तो स्पीकर सोडा. शक्य झालं तर एखाद्या वादकाला सोबत न्या.

10 मीटर स्पीकर वायरला दुकानदार स्पीकरच्या निम्मी किंमत सांगतो. (तासगाव)

देऊ नका. घराच्या वायरिंगची 2.5 चौरस मिलीमीटरची चांगल्या कंपनीची तांब्याची वायर घ्या. जाऊन-येऊन 20 मीटरचा रोध साधारण 0.15 ओहम भरतो, 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. प्लस-मायनस मात्र दोन्ही स्पीकरला सारखेच जोडा. एक उलटा झाला की बास गायब होतो आणि दोष स्पीकरच्या माथी येतो.

सब लावल्यापासून सतत ‘हंऽऽ’ असा आवाज येतो. मित्राने प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगितलं. (फलटण)

अजिबात काढू नका. त्या पिनेवर तुमचा जीव आहे. सब आणि रिसीव्हर एकाच बोर्डावरून चालवून बघा, टीव्हीच्या केबलची वायर काढून बघा. तेवढ्याने थांबलं नाही तर परवानाधारक वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. पिना काढायला सांगणाऱ्या मित्राचं पुन्हा ऐकू नका.

वरच्या मजल्यावर सब आहे. शेजारी रात्री तक्रार करतात. रबरी मॅट घातली तर थांबेल? (सांगली)

स्लॅबमधून जाणारी थरथर कमी होईल, हवेतून जाणारा बास नाही. त्याला जड, दुहेरी भिंत लागते आणि तिचं वजन स्लॅब पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, कॉन्ट्रॅक्टरने नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबल आहे. दहा वाजले की सब बंद करा आणि शेजाऱ्यांशी आधी स्वतः जाऊन बोला.

म्युझिक रूम तळमजल्यावर आहे. पावसाळ्यात सब जमिनीवर ठेवावा का? (गावभाग, सांगली)

2019 चा पूर गावभागातल्या माणसाला मी काय सांगावा? नदी चढू लागल्याची बातमी आली की सब आणि रिसीव्हर वरच्या मजल्यावर हलवा. पाणी गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत थांबू नका. प्लग पॉइंट उंचावर घ्या. एकदा भिजलेला सेट वरून कोरडा दिसला तरी तंत्रज्ञाने उघडून पाहिल्याशिवाय लावू नका.

मोठा सब आणल्यापासून सिनेमा झाला की कानात शिट्टी वाजते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहते. तीन महिने झाले. क्रॉसओव्हर बदलू का? (कोरेगाव)

क्रॉसओव्हरचा यात काही संबंध नाही. तीन महिने तुम्ही थांबलात कसे? 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते; 100 डेसिबलला ती जेमतेम पाव तास उरते. उद्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) काढा. त्यांनी हो म्हणेपर्यंत सिस्टिम लावू नका, आणि घरात लहान मुलं तोच सिनेमा तुमच्या शेजारी बसून बघत असतील तर त्यांचेही कान तपासून घ्या.