घर विकून मोटरहोम घ्यावी का?

नमस्कार काका,

तुमचा बेत मला समजला तो असा. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं घर 92 लाखांना विकायचं, 38 लाखांची मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, बांधून घ्यायची, उरलेले पैसे बँकेत टाकून त्याचं व्याज आणि 48,000 ची पेन्शन यांवर दोघांनी फिरत राहायचं. जिथे गरज दिसेल तिथे महिना-दोन महिने थांबून शाळेत, आश्रमात पडेल ते काम करायचं. तुम्ही 62, काकू 59, मुलगी पुण्यात आणि तिची ना नाही. 35 लाखांच्या ठेवी वेगळ्या. सेवेच्या बेताला माझा मनापासून होकार. घर विकण्याला नकार, आणि गाडीबद्दलही मी फारसा उत्साही नाही.

अमेरिकेतल्या ज्या जोडप्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत, त्यांचं गणित तिथे जमतं. राष्ट्रीय उद्यानात किंवा वनखात्याच्या कॅम्पग्राउंडवर आठवड्याचे ठरलेले तास काम केलं की गाडी उभी करायला जागा मिळते, बहुतेक ठिकाणी वीज-पाण्याच्या जोडणीसह, फुकट. म्हणजे सेवेतून त्यांचं भाडंच वाचतं. कायमचा पत्ता नसला तरी साउथ डकोटासारखं राज्य लायसन्सपुरतं तरी एका रात्रीच्या मुक्कामावर रहिवासी मानतं. पासष्टीनंतर मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा असतो. आपल्याकडे यातलं काय आहे? गाडीतल्या संडासाची टाकी दर तीन-चार दिवसांनी कुठेतरी रिकामी करावी लागते, आणि ती रस्त्याकडेला ओतणं इंदूरकराला तरी शोभणार नाही. उलट आनंदवन, हेमलकसा किंवा नर्मदाकाठचे आश्रम, जिथे माणसं हवी असतात तिथे राहण्या-जेवणाची सोय बहुधा संस्थाच करते, कधी थोडे पैसे घेऊन. त्यांना तुमचे हात हवेत. तुमची भली मोठी गाडी आवारात कुठे लावायची, हा त्यांना आणखी एक ताप.

आता कर. घर 2003 मध्ये 8 लाखांना घेतलंत, म्हणजे नफा 84 लाख. घर जुलै 2024 च्या आधीचं असल्यामुळे इंडेक्सेशन (म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) घेऊन 20 टक्के किंवा न घेता 12.5 टक्के, यातलं कमी ते भरता येतं. तुमच्या आकड्यांवर साडेबारा टक्केच कमी पडतात. पण उत्पन्न 50 लाखांवर गेल्याने अधिभार लागतो, वर सेस, आणि बारा लाखांच्या आसपास रक्कम जाते. दुसरं घर घेतलं तर यात सूट आहे, पण कायद्याच्या लेखी मोटरहोम हे वाहन आहे, त्यात तुम्ही झोपत असलात तरी. भांडवली नफ्याचे रोखे घेऊन 50 लाखांपर्यंत कर वाचवता येतो, मात्र ते पैसे पाच वर्षं अडकतात. मग उरले 42 लाख. त्यातून उरलेल्या नफ्यावरचा कर भरला की 38 लाखांची गाडीसुद्धा बसत नाही. दलाली मी धरलेलीच नाही.

गाडीची किंमत विम्याच्या हिशेबात पहिल्या वर्षाअखेर 15 टक्क्यांनी आणि पाच वर्षांनी निम्म्याने उतरते. प्रत्यक्ष विकायला गेलात तर गिऱ्हाईक शोधत बसावं लागेल, कारण तुमच्या सोयीने बांधलेलं स्वयंपाकघर दुसऱ्याला नको असतं. इकडे इंदूरच्या घरांचे भाव तोवर कुठे गेले असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. एकदा विकलेल्या घराच्या गल्लीत सत्तरीत पुन्हा घर घेणं जमत नाही.

काकूंना गाडी चालवता येत नाही, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत. मी तिथेच अडलो. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढतं, तेही डॉक्टरचा दाखला देऊन. तुमचा गुडघा किंवा डोळा बिघडला तर त्या दिवसापासून घर जागेवरून हलणार नाही, आणि ते उभं असेल बैतूलच्या पुढे कुठेतरी.

म्हणून मी असं करीन. घर भाड्याने द्या; तुम्हीच लिहिलंय की 18,000 सहज येतील. एक खोली कुलूपबंद ठेवा, सामानासाठी आणि पत्त्यासाठी. ठेवींपैकी 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. उरलेले 5 लाख हात न लावता अडीअडचणीला. पेन्शन, भाडं, व्याज मिळून महिन्याला 86,500 होतात, आणि तुमची आहे ती छोटी गाडी भारतभर फिरायला पुरते. मोटरहोमची हौस असेलच तर महिनाभर भाड्याने घ्या, आणि ती मे महिन्यात विदर्भात नेऊन पाहा. त्यानंतरही दोघांचं तेच म्हणणं असेल तर मी आनंदाने पुन्हा हिशेब मांडीन.

आरोग्यविम्याचे कागद मात्र या आठवड्यातच काढा. काही पॉलिसींत शहरांचे झोन असतात. इंदूरच्या हप्त्यावर घेतलेल्या पॉलिसीत मुंबईत उपचार झाले तर बिलाचा ठरावीक हिस्सा खिशातून भरावा लागतो. फिरणाऱ्याला हे कलम महागात पडतं. तुमच्या 5 लाखांच्या पॉलिसीवर सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च भरणारा जादा विमा. जुन्या आजारांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून आजच. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड तुम्हाला अजून आठ वर्षं दूर आहे.

गाडी बांधणाऱ्याला बुकिंगचे दोन लाख द्यायचेत असं लिहिलंय. दिले नसतील तर थांबा. दिले असतील तर पावतीच्या मागच्या बारीक अक्षरातल्या अटींचा फोटो पाठवा, पैसे परत मिळण्याची मुदत त्यात असेल.